ग्लोव्हजची दुसरी जोडी

गुरुवार, जुलै १९९८

सकाळी वॉर्डातल्या नर्स पोरींना नवा नियम मीच बजावला. पेशंट एड्सचा असो नाहीतर साध्या तापाचा, ग्लोव्हजची एकच जोडी, वागणूकही एकच. इन्चार्ज ना मी!

दुपारी हुपरीचा एक चांदी कारागीर दाखल झाला. त्याला एड्स आहे हे कळलं, आणि सलाईन लावताना मी गुपचूप दोन जोड्या चढवल्या. गुपचूप कसलं? संध्याकाळपर्यंत सगळ्या पोरींच्या हातांत दोन-दोन जोड्या. कुठल्या तोंडानं रागावणार?

तेही एक वेळ गिळलं असतं. पण मघाशी त्याची बायको पेजेची वाटी घेऊन माझ्यापाशी आली. खाली बघत म्हणाली, "सिस्टर, मलाबी दोन जोड्या द्या की. ह्येंला भरवायचं हाय."