तक्रारीची फिकट प्रत

मंगळवार, ४ मार्च. सकाळी ११ वाजून २० मिनिटे.
नेमक्या या वेळी माझ्यावर अन्याय झाला. वेळ लिहून ठेवते, पुढे पुरावा म्हणून लागेल. पोस्टमनने सही घेतली आणि लिफाफा हातात दिला. परिवहन कार्यालयाची 'कारणे दाखवा' नोटीस! माझं कार चालवणं लोकांच्या जिवाला धोकादायक आहे अशी कुणीतरी लेखी तक्रार केली आहे म्हणे. तेव्हा माझा परवाना निलंबित का करू नये याची कारणे मी दाखवायची. आणि निकाल लागेपर्यंत परवाना त्यांच्याकडे जमा. याला 'अंतरिम आदेश' म्हणतात. शिक्षा आधी, चौकशी मागून.

एक्केचाळीस वर्षं गाडी चालवते आहे. एकही अपघात नाही. टपालपेटी अपघातात धरत नाहीत.

संध्याकाळी.
वकील करणार नाही. एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सुपरवायझर होते. भलेभले माझ्या आवाजाला घाबरून फोन खाली ठेवत. दोन सुनावण्यांत परवाना परत. फार तर तीन.

गुरुवार, ६ मार्च.
ताईकडे बसने गेले. दोन बस, वर पंधरा मिनिटं पायपीट. दर गुरुवारी मी ताईला गाडीतून तळ्यावर नेते. बिचारीचे गुडघे गेलेले, आठवड्यातली तेवढीच तिची मजा. गाडीत ती मागे बसते, पुढे ऊन लागतं म्हणून. सगळा वेळ डोळे मिटून असते, इतकी रमते.

नोटीस दाखवली. ताईच्या हातातला चहा बशीत सांडला. माझ्यासाठी इतकं लागतं तिला. कोण असेल गं हा नीच माणूस, असं मी विचारलं, तर म्हणाली की नीच कशाला म्हणतेस, असेल कुणीतरी काळजी करणारं. ताई पहिल्यापासून भोळी. मग नेहमीचं पालुपद: चष्मा कधी बदलणार? माझा चष्मा नऊच वर्षांचा आहे. फ्रेमला ओरखडासुद्धा नाही.

सोमवार, १० मार्च.
कार्यालयाच्या फाटकाशी टायपिस्ट बसतात, त्यांच्याकडून 'प्रशासकीय सुनावणीतील संज्ञा' नावाची पुस्तिका घेतली. रोज दहा शब्द पाठ करायचे असा निश्चय. छपाई मात्र लाजिरवाणी. मुंग्या चिरडल्यासारखी अक्षरं.

तक्रारीच्या प्रतीसाठी अर्ज केला. लगेच मिळाली. घाबरले असावेत. पण झेरॉक्स इतकी फिकट की एक ओळ लागेल तर शपथ! हाताने इंग्रजीत लिहिलंय, एवढं कळतं. तळाशी नाव काळ्या पट्टीने झाकलेलं. अक्षर वळणदार वाटतं. चांगल्या घरातली माणसंही हल्ली बिघडली आहेत.

गुरुवार, १३ मार्च.
निश्चयाचं गाडं पहिल्या दिवशीच थांबलं होतं, दोष छपाईचा. म्हणून पुस्तिका ताईकडे नेली. तिने धडाधड वाचून दाखवली. तहकुबी, उलटतपासणी, अधिकारक्षेत्र, एकतर्फी निर्णय, नैसर्गिक न्याय. एका शब्दाला अडखळली नाही. सत्त्याहत्तरावं चालू आहे!

मग तक्रारीची प्रत दिली. ताईने ती लांब धरली, जवळ धरली, उलटी धरली आणि म्हणाली की हिच्यात काही दिसत नाही बाई. ताईलाही वाचता येत नाही म्हणजे दोष झेरॉक्सचाच. सिद्ध झालं.

मंगळवार, १८ मार्च. पहिली सुनावणी.
उत्तम झाली.

खोली क्रमांक सात. (आधी नऊमध्ये गेले. आकडे नीट रंगवलेले नाहीत.) आत गेल्यागेल्या युक्तिवाद सुरू केला. तक्रारदार समोर आणा, त्याची उलटतपासणी घेऊ द्या, नाहीतर नैसर्गिक न्यायाचा भंग होतो. बारा मिनिटं बोलले. अधिकारी शब्दाने मध्ये बोलला नाही. एवढ्यात माझ्या मागून कुणीतरी घसा खाकरला. तो अधिकारी निघाला. चहा घेऊन येत होता. खुर्चीवर त्याचा कोट होता.

रिकाम्या खुर्चीला कोट घालून ठेवणं ही पक्षकाराची दिशाभूल आहे. तशी नोंद घ्यायला लावली. कारकून बाई फाईलमागे तोंड लपवून हसत होत्या. अधिकाऱ्याची लाज काढल्यावर हाताखालच्यांना आनंद होतोच.

अधिकाऱ्याचं नाव मी 'घसा' ठेवलं आहे. तो मला आजी म्हणाला. तो शब्द नोंदीतून वगळायला सांगितला. मग म्हणाला की बाई, समोरच्या घड्याळात किती वाजले तेवढं सांगा, आपण इथेच मिटवू. मी फसले नाही. प्रश्न विषयाला सोडून आहे, अशी हरकत घेतली. शिवाय नोटीस आणि सुनावणी यांत पुरेसे दिवस नव्हते, हा मुद्दा काढून तहकुबी मागितली. मिळाली! तीन आठवडे.

गुरुवार, २० मार्च.
ताईला विजयाची बातमी सांगितली. तिने विचारलं, घड्याळात वाजले किती होते? घड्याळ कुठे होतं ते मला माहीत नाही. पण मुद्दा तो नव्हताच.

आज बाकी गंमत झाली. गाडी नसल्यामुळे ताईच्या बाल्कनीतच बसलो. चार तास बोललो. गाडीत ती एरवी तोंड उघडत नाही.

मंगळवार, ८ एप्रिल. दुसरी सुनावणी.
घसाने तक्रारीचा सारांश वाचून दाखवला. लाल सिग्नल, दोनदा. औषधाच्या दुकानाची पायरी. चौकातलं वर्तुळ उलट्या बाजूने. 'गाडी चालवताना मान पूर्ण वळवून मागच्या सीटवर बसलेल्याशी बोलतात.'

मी तात्काळ ताडलं. कुणीतरी दुर्बिणीने माझ्यावर पाळत ठेवत होतं! तसं मोठ्यांदा सांगितलं. घसा डोकं धरून बसला. म्हणाला की मॅडम, डोळ्यांचा दाखला आणा, आठ दिवसांत परवाना परत देतो. मी अधिकारक्षेत्राचा मुद्दा काढला. माझे डोळे परिवहन खात्याच्या अखत्यारीत येत नाहीत. तो फक्त खाकरला.

गुरुवार, १० एप्रिल.
ताईला म्हटलं की तो दुर्बीणवाला सापडू दे, त्याला जन्माची अद्दल घडवते. ताईने माझा कप पुन्हा भरला. मग म्हणाली, दाखला आणून टाक ना, माझ्यासाठी. पुढच्या सुनावणीचा ताण तिलाच जास्त आला आहे. सोबत चल म्हटलं, साक्षीदार म्हणून. तर गुडघे दुखायला लागले.

मंगळवार, २२ एप्रिल. तिसरी सुनावणी.
गेले नाही. घसा पक्षपाती आहे, असा अर्ज टपालाने पाठवून बहिष्कार टाकला. आता त्यांची तारांबळ उडेल.

शुक्रवार, २ मे. सकाळी १० वाजून ५ मिनिटे.
एकतर्फी निर्णय. परवाना सहा महिने निलंबित. नंतर नवा चष्मा, नेत्रतपासणीचा दाखला आणि चालवण्याची परीक्षा. परीक्षा! मला! अपिलाची मुदत तीस दिवस.

कारकून बाईंना फोन केला. त्या भल्या आहेत. म्हणाल्या की मॅडम, पहिल्या दिवशी घड्याळ वाचलं असतंत किंवा चष्मा बदलते म्हणाला असतात, तर साहेब तेव्हाच सोडणार होते. हे मला आधी लेखी कळवायला हवं होतं.

सोमवार, ५ मे.
चष्मेवाल्याकडे गेले. हक्क राखून, केवळ अपिलासाठी पुरावा म्हणून. तक्त्यावरची वरची ओळ वाचली. तो म्हणाला की तक्ता दुसऱ्या भिंतीवर आहे, हे कॅलेंडर.

शनिवार, १० मे. दुपारी ३ वाजून ४० मिनिटे.
चष्मा आला. माझी गाडी डाव्या बाजूने अशी दिसते हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

अपील लिहायला फाईल काढली. तक्रारीची प्रत मुळीच फिकट नाही. ठसठशीत आहे. आणि ते इंग्रजी अक्षर! 'जी'ची शेपटी उजवीकडे उडवलेली. कॉन्व्हेंटमध्ये त्या शेपटीसाठी मदर सुपिरिअरने एकाच मुलीच्या बोटांवर पट्टी मारली होती. मी तेव्हा खालच्या वर्गात होते. तिच्याऐवजी मीच रडले होते.

शेवटचा परिच्छेद तीनदा वाचला. 'ती माझी एकुलती एक बहीण आहे आणि ती मला धडधाकट हवी आहे. मी दोन वर्षं सांगून पाहिलं, ती माझं ऐकत नाही. सरकारचं ऐकते का बघा.'

सायंकाळी ५ वाजता.
अपील फाडलं. त्याच कागदाच्या मागे मसुदा:

ताई, तुला ही 'कारणे दाखवा' नोटीस. दोन वर्षं गाडीत डोळे मिटून बसलीस ते भीतीने, हे मला तोंडावर का सांगितलं नाहीस? प्रत वाचता येत नाही असं खोटं का सांगितलंस? आणि मी हरावं म्हणून तक्रार करून, मी जिंकावं म्हणून पुस्तिका का वाचून दाखवलीस? लेखी खुलासा गुरुवार, १५ मे, दुपारी चार वाजेपर्यंत तयार ठेव. तहकुबी मिळणार नाही. गुडघ्यांची सबब चालणार नाही. मुदतीत उत्तर न आल्यास एकतर्फी निर्णय होईल. खुलासा घ्यायला मी स्वतः येईन. दोन बस बदलून.