डीनला एकच तारा

मिल्टन, ४ नोव्हेंबर २०२५

चि. कृतिकास अनेक आशीर्वाद,

वि. वि. फोनवर बोलायला लागलो की मामी मध्येच फोन हिसकावते, म्हणून आपली ही ई-मेलची पत्रंच बरी. इथे थंडी पडली, विंटर टायर लावून झाले.

माझं डोकं मात्र फिरलंय. बेसमेंटमध्ये बसून मी एकतीस दुकानदारांच्या वेबसाइट आणि ई-मेल सांभाळतो, हे तुला ठाऊक आहे. ज्या सॉफ्टवेअरवर हे सगळं चालतं, त्या कंपनीने दोन वर्षांत तिसऱ्यांदा भाव वाढवला. वाढव बाबा, पण बदल्यात काही दे तरी. एकाच ग्राहकाची पुसली गेलेली मेल बॅकअपमधून परत आणायची सोय मी चार वर्षं मागतोय. अजून नाही. परवा डबे करणाऱ्या ताराबाईंच्या सगळ्या ऑर्डरी गेल्या. त्या आणायच्या तर अख्खा सर्व्हर मागे न्यायचा, म्हणजे उरलेल्या तिसांचं काम बुडालं.

तक्रार केली की कुणी डीन नावाचा उत्तर देतो, आपली मागणी नोंदवून घेतली आहे. सरळ बोटाने तूप निघत नाही. आमच्या होस्टिंगवाल्यांच्या ग्रुपवर मी सांगून टाकलंय, डीनचं उत्तर आलं की प्रत्येकाने पाचपैकी एकच तारा द्यायचा.

तुझी बर्नाबीतली नवी नोकरी कशी आहे? ऑफिसचं नावही सांगत नाहीस, गुप्तहेर झालीस की काय? वेळेवर जेवत जा.

तुझा,
नंदूमामा

बर्नाबी, ९ नोव्हेंबर २०२५

ती. नंदूमामांस कृतिकाचा शि. सा. नमस्कार,

वि. वि. पत्र दोनदा वाचलं. तुमचा राग खरा आहे. पण भाव डीन ठरवत नाही आणि सोयी बनवणारेही दुसरे असतात. तो फक्त उत्तरं देतो. त्याला एकेक तारा म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. हे थांबवाल का? कारण विचारू नका.

माझं प्रोबेशन २८ तारखेला संपतं. पुढच्या ऑक्टोबरात वर्क परमिट संपेल. त्याआधी वर्षभराची नोकरी भरली तरच PR साठी, म्हणजे या देशात कायम राहण्यासाठी, अप्लाय करता येईल. ही गेली तर दुसरी मिळेपर्यंतचे महिने मी कुठून आणू? रात्री झोप लागत नाही. आईला यातलं काही कळवू नका.

मामीला नमस्कार. लोभ आहेच, तो रागाच्या दिवसांतही राहू द्या.

आपली,
कृतिका

मिल्टन, १७ नोव्हेंबर २०२५

चि. कृतिकास अनेक आशीर्वाद,

वि. वि. तुला कंपन्यांचा एवढा पुळका कधीपासून? तेवीस जणांनी एकेक तारा दिला. आता तरी जागे होतील.

गंमत ऐक. काल रविवारी या डीनने ताराबाईंच्या ऑर्डरी शोधून दिल्या. बॅकअप वेगळ्या जागी उघडून एकशे बारा मेल हाताने एकेक काढल्या. मामी म्हणाली, आता तरी पाच तारे द्या. मी म्हटलं, एका माणसाने हमाली केली म्हणून कंपनीला माफी नाही. एकच तारा दिला आणि खाली शेरा लिहिला, या माणसाला घरी बसवा.

तू काळजी करू नकोस. तुझ्यासारखी कामसू मुलगी कोण सोडेल?

तुझा,
नंदूमामा

बर्नाबी, २३ नोव्हेंबर २०२५

ती. नंदूमामांस कृतिकाचा शि. सा. नमस्कार,

मामा, डीन मीच आहे.

ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या आमच्या टेबलावर कुणी खऱ्या नावाने उत्तर देत नाही. मी रुजू झाले त्या दिवशी मला हे नाव मिळालं. ग्राहकाला आपली ओळख द्यायची नाही असा करार आहे. शिवाय गणपतीत तुम्ही ज्या कंपनीला सगळ्यांसमोर शिव्या घातल्यात, तिथेच मला नोकरी लागली हे कोणत्या तोंडाने सांगणार होते? ती माझी चूक.

तुमची मागणी मी तीनदा वर पाठवली, वरून उत्तर येत नाही. ताराबाईंच्या मेल मी सुट्टीच्या दिवशी काढल्या, कारण तक्रारीच्या तिकिटावर तुमचं नाव होतं. शुक्रवारी मॅनेजरने तुमचा शेरा माझ्यासमोर मोठ्याने वाचला. लिहिणारा माझा मामा आहे, हे मी बोलले नाही. मला ठेवायचं की नाही, हा निर्णय २८लाच.

मला फार वाईट वाटलं, एवढंच. लोभ आटू देऊ नका.

आपली,
कृतिका

मिल्टन, २९ नोव्हेंबर २०२५

चि. कृतिकास,

पत्र मामीलाही वाचून दाखवलं. मामी माझ्याशी बोलत नाही आणि तिचं बरोबर आहे.

आधी तारे बदलायला गेलो. एकदा दिलेला तारा बदलायची सोयच त्यांनी ठेवलेली नाही. ग्रुपवर हात जोडले, पण त्या तेवीस जणांनाही बदलता येईना. मग तुझ्या मॅनेजरला लिहिलं की शेरा मागे घेतो, माझं भांडण तुमच्या भाववाढीशी आहे, डीनसारखं काम दहा वर्षांत कुणी केलेलं नाही. नातं लिहिलं नाही. त्याने तुझं आणखी नुकसान होईल, अशी भीती वाटली.

काल संध्याकाळी उत्तर आलं. खाली केविन असं नाव होतं. आपलं म्हणणं नोंदवून घेतलं आहे, डीन आता इथे काम करत नाही.

तेव्हापासून तू फोन उचलत नाहीस. भाववाढ चूक होती आणि आजही आहे. पण बहिणीच्या मुलीला घरी बसवा, असं मी माझ्या हाताने लिहिलं. मला लाज वाटते, कृतिका. मंगळवारच्या विमानाने येतोय. दार उघडावंसं वाटलं नाही तर उघडू नकोस, मी खाली थांबेन.

वडीलधाऱ्याने पत्रात आशीर्वाद लिहायचे असतात. आज हात धजत नाही. माझा नमस्कार घे.

नंदूमामा