लाख वेळा दाबलेला मणका

मालकीणबाईंस, अनेक आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. आपल्या लेकीचं काम बुडतंय या धास्तीनं लिहायला हातच उचलत नव्हता.

तिच्या प्रयोगशाळेतलं यंत्र, हाड किती भार सोसतं ते बघायला, डुकराच्या कमरेच्या मणक्याला लाख वेळा दाबतं. पण मणका निम्म्यातच खचायचा. तिचे साहेब म्हणाले, "आणखी एकदाच, मग बंद."

मी डबा द्यायला गेलो, यंत्राच्या चौकटीला हात लावला, तर आत खडखड लागली; म्हटलं, "पोरी, हाड नाही गं खचत, पकडीचा बोल्ट सैल होतोय!"

"बाबा, गप्प बसा हो," म्हणाली; पण आवळला.

काल लाख पुरे झाले, मणका जसाच्या तसा! साहेबांनी माझा हात सोडला नाही. लेक सगळ्यांना सांगत सुटली, "माझे बाबा फिटर होते!"

तू मात्र भरलेली बादली उचलू नकोस. कंबर कशी आहे ते खरं लिही, आणि लगेच लिही.