राजमहंमद मास्तरांची नऊ वर्षे

लोणावळे, ता. ११ जानेवारी १९३८

तीर्थरूप अंबाजीमामांस महिपतीचे दंडवत. आपला गुडघा आता चढउतार करू देतो का, ते कळवावे (मामींच्या तेलाने वासच तेवढा येतो, दुखणे जात नाही, हे मागेही लिहिले होते, त्यांना वाचून दाखवू नये).

शनिवारी शाळेच्या कमिटीत फुटबॉलच्या राजमहंमद मास्तरांना ठेवायचे की नारळ द्यायचा, हे ठरणार आहे. मते दोन्हीकडे सारखी, म्हणून अध्यक्ष या नात्याने आपले मत शेवटचे. नऊ वर्षांत एकही कप नाही हा त्यांच्यावरचा आरोप, आणि तो खरा आहे. पण मावळात सपाट जमीन भाताला आणि उतार फुटबॉलला. पोरे वर्षभर चढावर चेंडू मारतात. पुण्याच्या सपाट मैदानावर त्याच जोराने मारले, तेव्हा सहा चेंडू गोलावरून गेले आणि सातवा प्रमुख पाहुण्यांच्या चहात पडला. यात मास्तरांचा काय दोष? (पाहुण्यांचा आहे, ते गोलामागे बसले होते.)

मग कमिटीने मला जुन्या खेळाडूंच्या तक्रारी गोळा करायला धाडले. उर्से गावचा मारुती हा मास्तरांचा पहिला कप्तान. त्याने तक्रार तोंडी न सांगता मला टेकडीवर पळवूनच दाखवली. मी धोतर सावरत अर्ध्यावर बसलो. तो म्हणाला, "मास्तरांनी आमाला लय पळवलं. ऊन न्हाई, पाऊस न्हाई." मी खुशीने लिहून घेतले आणि सहज विचारले, धाकट्या भावाला खेळायला कुठे घातलास? "त्येंच्याकडंच. आनि कुटं घालनार?" आंबी गावातही हेच: आधी शिव्या, मग धाकटा भाऊ त्यांच्याच हवाली. मामा, एका वर्षाचा कप कोणीही आणतो, दोन दांडगे गडी मिळाले की झाले. नऊ वर्षांनी लोक आपला भाऊ ज्याच्या हाती देतात, तो खरा मास्तर. मला त्या माणसाचा फार अभिमान वाटतो, आणि हे आधी कळले नाही याची लाजही वाटते.

आपला भाचा,
महिपती

ता. क. मास्तरांना काढण्याचा ठराव मीच मांडला होता. पुण्याहून हरून उपाशीपोटी परतलो, त्या रागात.

आणखी ता. क. त्यांच्या जागी नाव सुचवले तेही मीच: आपले चिरंजीव हौशीराम. (वर लिहिलेला एका वर्षाचा कप त्यानेच आणलेला, आणि ते दोन दांडगे गडी त्याच्याच कॉलेजच्या संघातले.) काल तो पुण्याहून आला, म्हणून नाव मागे घेतो असे सांगून त्याची माफी मागायला गेलो. तो मैदानावर सापडला. जूनपासून आपल्या मुलाला, म्हणजे तुमच्या नातवाला, आमच्या शाळेत घालायचे म्हणून मास्तरांकडे त्याचे नाव देत होता. आपल्याविषयी मला म्हणाला, "दादा, आबांना इतक्यात सांगू नकोस." म्हणून मी सांगत नाही. आपण फक्त मत द्यावे.