अकरा पंधराची फेरी

२० नोव्हेंबर
आज नाताळच्या सुट्टीचं टाइमटेबल फायनल केलं. लोकांना वाटतं बस ड्रायव्हर चालवतो. बस मी चालवतो, डेपोच्या दुसऱ्या मजल्यावर बसून, लाल पेन आणि पट्टी घेऊन. सहा इंची पट्टी कायम शर्टाच्या खिशात असते. नुसत्या हाताने रेघ मारणाऱ्या माणसावर माझा विश्वास नाही.

गेल्या वर्षीचं रजिस्टर काढून बसलो. २४ डिसेंबर, शेजारच्या शहराहून संध्याकाळी ६.२० ला सुटून इकडे येणारी फेरी, प्रवासी चार. रद्द. २५ डिसेंबर, इथून सकाळी ११.१५ ला तिकडे जाणारी, प्रवासी एक. एक! ड्रायव्हर, कंडक्टर, बेचाळीस सीट आणि एवढं डिझेल, एका जीवासाठी. ऐन नाताळच्या सकाळी घर सोडून निघणारा हा महाभाग कोण असेल? घरी कुणी विचारत नसणार. शेऱ्याच्या रकान्यात 'अनावश्यक' लिहिलं आणि तीही रद्द. रेघ अगदी सरळ आली.

२७ नोव्हेंबर
लेकीचा फोन आला. मीच उचलला. म्हणाली, कसे आहात बाबा, आईला द्या. बरं वाटलं बोलून.

नंतर बायकोकडून कळलं की यंदा ती नाताळला येणार आहे. शेजारच्या शहरात हॉस्पिटलात नर्स आहे. चोवीसला चार वाजता ड्यूटी सुटेल, सव्वीसला सकाळी सातला परत हजर. बायकोने सांगून ठेवलं की या वेळी तिला नीट जेवून जाऊ द्या.

म्हणजे गेल्या वर्षी मी उपाशी घालवली असं सुचवायचं होतं. झालं एवढंच होतं की चार्टप्रमाणे भेटवस्तू उघडायची वेळ साडेदहा, आणि ही नाइट ड्यूटीवरून येऊन झोपलेली, खाली आली दहा एक्केचाळीसला. मी फक्त सगळ्यांसमोर नोंद वाचून दाखवली आणि लाल पेनने 'लेट, ११ मि.' लिहिलं. वस्तुस्थिती होती. तर तिने बॅग उचलली आणि जेवणाआधीच चालती झाली. कशी गेली कुणास ठाऊक. वर्षभर माझ्याशी दोन वाक्यांपलीकडे बोललेली नाही. मी मनात काही ठेवलेलं नाही. चूक तिची असूनही.

यंदा घर असं चालवायचं की तिने स्वतःहून म्हणावं, बाबा, काय व्यवस्था आहे.

१ डिसेंबर
नाताळचा ताबा मी घेतला. बायको म्हणाली, पंचवीस वर्षं माझ्या हातून चाललंय, तुम्ही फक्त आडवे येऊ नका. हीच जुनी मनोवृत्ती. मोठा चार्ट करून स्वयंपाकघराच्या दारावर लावला. उभ्या रकान्यात वेळा, आडव्या रकान्यात माणसं. प्रत्येक कामाला दोन मिनिटं स्पेअर. माझ्या नावापुढे सगळीकडे 'देखरेख'. शिवाय 'लेकीला स्टॉपवरून आणणे, सायं. ७.३५' हे सर्वांत महत्त्वाचं काम मी स्वतःकडे ठेवलं.

संकल्प: १) केक घरी, माझ्या हातचा. २) झाड मी लावणार. ३) लेक उशिरा आली तरी काही बोलायचं नाही. नुसतं घड्याळाकडे बघायचं.

२ डिसेंबर
मेहुण्याला कळवलं की यंदा केक आणू नकोस. त्याची बेकरी आहे. पहाटे चारला व्हॅन घेऊन पाव पोचवायला निघतो आणि परत कधी येईल ते त्यालाही माहीत नसतं. व्हॅनमधलं घड्याळ तीन वर्षं पावणेदोनवर अडकलंय. असा माणूस जेवणाला एक तास उशिरा येतो आणि सगळे त्याला बघून खूश होतात. मला हे कधी समजलेलं नाही.

आज मनुका, बेदाणे, जर्दाळू, काजू रममध्ये भिजत घातले. बरणीवर तारीख टाकली. अधूनमधून तपासणी करणार.

५ डिसेंबर
तपासणी केली. उत्तम.

६ डिसेंबर
दोनदा तपासणी.

९ डिसेंबर
बायको म्हणाली, बरणीतली पातळी खाली गेली आहे. सांगितलं, फळं शोषून घेतात. तिने विचारलं, मग फळं कुठे गेली? या बाईला प्रत्येक गोष्टीत शंका.

१२ डिसेंबर
माळ्यावरून झाड काढलं. प्लास्टिकचं आहे, अठ्ठेचाळीस फांद्या. गेल्या वर्षी पॅक करताना मी प्रत्येक फांदीवर नंबराचा स्टिकर चिकटवला होता, म्हणजे यंदा डोकं न लावता जोडता यावं. खोका उघडला. स्टिकर सगळेच्या सगळे शाबूत, एक ते अठ्ठेचाळीस. फक्त फांद्यांवर नाहीत, खोक्याच्या तळाशी आहेत.

अनुभवाच्या जोरावर जोडलं. बायकोचं म्हणणं, झाड वर रुंद आणि खाली निमुळतं झालंय. मी म्हणालो, हल्ली असंच असतं. खिडकीला टेकवून ठेवलंय. मागे बांधलेली दोरी समोरून दिसत नाही.

१४ डिसेंबर
लाइटची माळ लावली. पूर्ण जिन्यातला फ्यूज गेला. खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई टॉर्च घेऊन वर आल्या आणि म्हणाल्या, यंदाही का? बायकोने त्यांना बिस्किटं दिली.

१५ डिसेंबर
लेकीचा फोन. कसे आहात बाबा, आईला द्या. मी थोडं रेटलं, म्हणालो यंदा व्यवस्था बघशील. ती म्हणाली, चार्ट आहे का? म्हणालो, आहे. परत म्हणाली, आईला द्या. भारावली असावी.

संध्याकाळची ६.२० ची बस पकडणार आहे. बायकोने विचारलं, त्या दिवशी ती बस असते ना? हसलो. अकरा वर्षं ६.२० ला सुटते. तिला म्हणालो, झोपेतून उठवून विचार, तोंडपाठ सांगेन. ती म्हणाली, तरी एकदा डेपोत विचारा. ज्याने टाइमटेबल लिहिलं त्याने खाली उतरून चौकशीच्या खिडकीत विचारायचं! मेहुणा म्हणतो मी व्हॅनने घेऊन येतो. नको म्हणून सांगितलं. लेकीला पावाच्या ट्रेमधून आणायची वेळ अजून आलेली नाही.

१७ डिसेंबर
आमच्या स्टॉपवर सुट्टीच्या टाइमटेबलची नोटीस लागली. कामावर जाताना बघितली. अक्षरं ठळक, समास व्यवस्थित, खाली माझी सही. दोन मिनिटं उभा राहिलो.

संध्याकाळी बायको बाजारातून आली ती स्टॉपवरच्या नोटिशीबद्दल काहीतरी सांगू लागली. मी मध्येच थांबवलं. म्हणालो, ती नोटीस मीच लिहिली आहे, मला काय वाचून दाखवतेस, टेक्निकल बाबतीत पडू नकोस. ती भावाला फोन लावायला आत गेली. त्या दोघांचं काही ना काही चालू असतं.

२१ डिसेंबर
केक भाजला. बरणीत अकरा मनुका आणि एक काजू शिल्लक होते, तेवढे घातले. रमऐवजी कोरा चहा. रंग सुरेख आला. चार्टप्रमाणे पन्नास मिनिटं, पण मध्ये झाडाची दोरी सुटली आणि ते सावरण्यात थोडा वेळ गेला. केक भांड्यातून निघायला तयार नव्हता. शेवटी भांडंच मोडावं लागलं. केकला काही झालं नाही.

२३ डिसेंबर
सगळी तयारी पूर्ण. बायको चिकन मसाला लावून ठेवत होती, चार्टच्या दोन तास आधी. दुर्लक्ष केलं. उद्या मनासारखं झालं की तिलाही पटेल.

चार्टवर माझ्या 'लेकीला आणणे' या चौकोनाशेजारी कुणीतरी पेन्सिलने बारीक 'मामा' असं लिहिलंय. खोडलं.

२४ डिसेंबर
७.१० सायं. स्टॉपवर हजर. नवा स्वेटर. हातात फुगा, बायकोचा हट्ट नाही, माझीच कल्पना. लेक सव्वीस वर्षांची आहे, पण लहानपणी स्टॉपवर फुगा बघून धावत यायची. हे चार्टात नव्हतं.

७.३५. बस नाही. एवढं चालतं.

७.५०. ड्रायव्हर कोण आहे ते उद्या बघतो. लेट, पंधरा मिनिटं. लिहून ठेवलं.

८.०५. स्टॉपवर मी एकटाच. थंडी आहे. लेकीला फोन केला, उचलला नाही. बायकोला केला, तीही नाही. वाटेतल्या पुलावरून गाडी खाली गेली असेल का, असले विचार डोक्यात येऊ लागले. अपघाताचं कुणी बोललं नव्हतं. तरी पुलाच्या दिशेने चार वेळा चालून आलो. थंडीच होती.

८.१५. करायला काही नव्हतं म्हणून नोटीस वाचली. पहिल्यांदाच सहीच्या वरचं वाचलं. तिसरी ओळ. ६.२० ची फेरी रद्द.

पुन्हा वाचली. रद्दच होती.

८.२०. कुणीतरी मागून आलं आणि माझ्या हातातला फुगा घेतला. लेक. अंगावर पिठाचे डाग. म्हणाली, चला बाबा, बस यायची नाही. मामाने सव्वासातलाच घरी आणून सोडलं, आई म्हणाली तुम्हाला आणायला जा. विचारलं, फोन का उचलला नाहीस? ती म्हणाली, आईने सांगितलं होतं, थोडा वेळ उभे राहू देत, नोटीस वाचतील. आणि मग तिने ती नोटीस माझ्या सहीसकट मोठ्याने वाचून दाखवली. स्टॉपवर कुणी नव्हतं म्हणून बरं.

घरी चालत आलो. फुगा तिनेच धरला होता.

२५ डिसेंबर
चार्ट सकाळीच कोलमडला. लेक साडेनऊला उठली. घड्याळाकडे बघायचा संकल्प होता, तर बायकोने भिंतीवरचं घड्याळ उतरवून पीठ चाळायच्या चाळणीखाली ठेवलेलं. मेहुणा सांगितलेलं असूनही केक घेऊन आला, आणि चक्क वेळेवर. माझा केक त्याने स्वतः कापला. सुरी बदलावी लागली. म्हणाला, दाजी, तीस वर्षं बेकरीत आहे, असा केक मी पाहिलेला नाही. धंद्यातल्या माणसाचं मत आहे.

झाड जेवताना पडलं. कुणी उठलं नाही. बायको इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. तिला असं हसताना बऱ्याच दिवसांनी बघितलं.

कॉफीच्या वेळी लेक आपणहून बोलू लागली, बघत होती मामाकडे. म्हणाली, गेल्या वर्षी याच दिवशी सव्वाअकराच्या बसने गेले, अख्ख्या गाडीत मी एकटी. पुलापर्यंत रडत होते. कंडक्टरने विचारलं, घरी कुणी गेलं का? मी म्हणाले, नाही, घरी चार्ट आहे. त्याला काही कळलं नाही, पण त्याने आपल्या डब्यातलं अर्धं सँडविच मला दिलं. तेच माझं नाताळचं जेवण.

मामा हसला, बायकोही हसली. मीही हसलो.

मग उठून बाथरूममध्ये गेलो आणि नळ सोडून थोडा वेळ उभा राहिलो. साबण संपत आला आहे. उद्या आणायचा.

बाहेर आल्यावर तिला सांगायचं ठरवलं होतं की चूक माझी होती. तीन वेळा घसा खाकरला. शेवटी म्हणालो, बटाटे अजून घे. ती म्हणाली, आधीच दोनदा घेतले, बाबा. आणि परत घेतले.

२६ डिसेंबर
लेक पहाटे मामाच्या व्हॅनमध्ये पावांच्या ट्रेशेजारी बसून गेली. माझ्या केकचा एक तुकडा मागून नेला. माझ्या, मामाच्या नव्हे. त्या कंडक्टरला द्यायचा आहे म्हणाली. गुंडाळायला कागद हवा होता तर दारावरचा चार्टच ओढून काढला. मला म्हणाली, पुढच्या वर्षी येते. दारावर उरलेल्या चिकटपट्ट्या मी खरवडून काढल्या.

ऑफिसात गेल्या वर्षीचं रजिस्टर काढलं. २५ डिसेंबर, ११.१५, प्रवासी एक. शेजारी माझ्याच अक्षरात 'अनावश्यक'. किती छान अक्षर आहे माझं.

दुपारी साहेबांनी पुढच्या वर्षीच्या सुट्टीचा कच्चा आराखडा मागवला. त्यात मी ११.१५ ची फेरी परत घातली होती. साहेबांनी विचारलं, एका प्रवाशासाठी अख्खी बस? कोण आहे हा प्रवासी? खूप काही सांगता आलं असतं. म्हणालो, ओळखीतली आहे.

साहेब म्हणाले, ओळखीपाळखीवर गाड्या चालत नसतात, हे तुम्हीच आम्हाला शिकवलं. आणि पेन घेऊन नुसत्या हातानेच ती फेरी कापली. रेघ वाकडी आली.

पट्टी माझ्या खिशात होती. काढली नाही.