जवायाचा निजाम

रवि. ४ जाने.
मेहकर, सासरी. जेवणं झाली आणि बैठकीतल्या दिवाणावर हिरवं कापड टाकलं. मधे निळ्या फितीचा नाला. अलीकडे माझा निजाम, पलीकडे प्रवीणचा मोगल सुभेदार. साखरखेर्ड्याची लढाई, तीनशे वर्षांपूर्वीची. शिशाचे शिपाई, फासे, नियम माझे. पुन्हा मीच जिंकलो. समोर तोफा दिसत असताना प्रवीणनं घोडदळ सरळ नाल्यात घातलं! बायकोचा धाकटा भाऊ, म्हणून बोललो नाही. पण शाळेत गणित शिकवणारा माणूस इतका ढ कसा खेळतो?
सासरे नेहमीप्रमाणे दारात खुर्ची टाकून. "जवाईबापू जिंकले ना?" "हाव, बाबा," प्रवीण म्हणाला. मग चहा.
सुभेदाराची बाजू लंगडी पडते. एक तोफ वाढवून दिली.

रवि. ११
परत तेच. वाढवलेली तोफ त्यानं मागं झाडीत ठेवली, एकदाही डागली नाही. काऊन बे, म्हटलं. "ध्यानातच नाही राह्यलं, भाऊजी."
ध्यानात नाही! आणि प्रत्येक चालीनंतर मोबाईलवर फोटो मात्र ध्यानात ठेवून काढतो. कशाला, विचारलं, तर "असंच." असंच म्हणजे काय? पुण्याचे जे गृहस्थ हा खेळ छापणार आहेत, त्यांचा नंबर प्रवीणकडेही आहे. मीच दिला होता, मूर्खासारखा. फोटो परस्पर त्यांना तर पाठवत नसेल? हे परतीच्या बसमध्ये सुचलं ते चिखली येईस्तोवर डोक्यातून गेलं नाही. सुनंदाला बोललो. "माह्या भावावर शंका घेता?" आणि तोंड खिडकीकडे.
सुभेदाराच्या घोडदळाची हिंमत वाढवली. तरी हा हरणारच, बघ.

बुध. १४
पुण्याचा फोन, दुकानात. महिनाअखेर नियम हवेत. अट एकच, दोन्ही बाजूंना जिंकायची सारखी संधी पाहिजे, नाहीतर छापणार नाहीत. "नीट तपासलंय ना?" हो म्हणून मोकळा झालो. तीन वर्षं औषधाच्या काउंटरवर, गिऱ्हाईक नसेल तेव्हा, हे लिहीत आलो. आता फसलं तर माझ्याच्यानं पुन्हा होणार नाही.
सहज विचारलं, प्रवीणचा फोन आला होता का. "कोण प्रवीण?" इतक्या लगेच कसं म्हणाले?

शनि. १७
अविनाश, प्रेसवाला मित्र. त्याला नियम दिले होते, एक अक्षर न समजावता. नवराबायको बाजू बदलून बदलून खेळले. आज दुकानात येऊन म्हणतो, "अबे, तुह्या निजामाचं काय करू बाप्पा? टिकूनच नाही राह्यला. दरवेळी सुभेदार जिंकते."
नियम चुकीचे वाचले असतील, म्हटलं. त्यानं पान काढून पुढ्यात धरलं. बरोबरच वाचले होते.
मग मेहकरातच निजाम कसा जिंकतो? संध्याकाळी दोन जणांना भलतंच औषध देता देता राहिलो.

रवि. १८
खेळ मांडलाच नाही. प्रवीणला गच्चीवर नेलं आणि सरळ विचारलं, मुद्दाम हरतो का रे? आधी हसला. मी हसलो नाही, तसा नरमला.
"आपल्या घरी जवायाले हरवतेत का, भाऊजी? बाबा दारात बसेल राह्यते. त्याइले कसं वाटन?"
आणि फोटो? "घरी कोनी नसलं का तेच मांडून पुन्हा खेळतो. खरंखरं."
कोण जिंकते मग?
खाली गल्लीत पाहत बसला. "सुभेदार."
अरे देवा. दर रविवारी ह्यांनी पुरणपोळीसारखा विजय ताटात वाढला आणि मी तूप मागून खाल्ला. वर त्या सुभेदाराला बिचारा समजून तोफा देत बसलो! संताप आला, हसूही आलं. संताप जास्त. फोटोंवरून काय काय मनात आणलं होतं ते त्याला सांगितलं नाही. लाज वाटली.

शुक्र. २३
प्रवीण शाळा सुटल्यावर थेट चिखलीला. म्हटलं हे माझं घर, इथं दारात बाबा नाहीत, दाखव आज काय ते. नियम मुद्दाम तेच ठेवले, वाढीव तोफेसकट.
सडकून हरलो. नाल्याला वळसा घालून आला आणि निजामाचा हत्तीच घेरला. किती सुरेख खेळतो हा! पोरगा पहिल्यांदाच मोठ्यानं हसत होता. हेच तर मागितलं होतं मी, तरी राग आला. फासे जरा जोरात डब्यात टाकले. सुनंदा आतून, "कोन जिंकलं?" प्रवीणनं माझ्याकडे पाहिलं आणि शिपाई आवरायला लागला.
सुभेदाराला दिलेली हिंमत काढून घेतली. तोफ राहू दिली.

सोम. २६
शाळेतलं झेंडावंदन उरकून प्रवीण आला. नवे नियम. काय लढाई झाली! शेवटच्या फाशापर्यंत निकाल लागेना. निजाम जिंकला, म्हणजे मीच, अगदी काठावर.
"आता बरोबर जमले नियम, भाऊजी."
जमले असतील. पण एका चालीत त्यानं घोडदळ नाल्याच्या काठाशी थांबवून ठेवलं. पुढं काढायला हवं होतं, असं मला वाटतं. की नव्हतं? मीही थांबवलं असतं कदाचित. शुक्रवारचं माझं तोंड त्यानं पाहिलेलं आहे, हाच घोळ. सुनंदाला विचारलं तर म्हणे, जिंकले ना, मग गप बसा की.

शुक्र. ३०
उद्या शेवटचा दिवस. मेल लिहून तयार, नियम जोडलेले. "दोन्ही बाजू समतोल, तपासून पाहिले आहे," एवढंच वाक्य तीनदा खोडलं. शेवटी प्रवीणला फोन लावला.
"सोमवारी खरा खेळला न बे तू?"
"हाव ना, भाऊजी."
"मले बरं वाटावं म्हणून नाही ना?"
मागं सासऱ्यांचा आवाज, कोनाचा फोन हाय रे.
"तुम्ही म्हनसान तसं, भाऊजी."
आता मी काय म्हणू?