सोमवारी न चाखलेला मासा

बर्नाबी, रविवार, ८ जून

प्रिय आईस,
यामिनीचा वाकून नमस्कार.

मागच्या पत्रात माझ्याकडून एक चुकीचं लिहिलं गेलं. इथल्या चिनी खाणावळीतल्या माशाला चव नाही, असं मी लिहिलं. खरं तर त्या दिवशी सोमवार होता. मैत्रिणीसोबत गेले, नुसता वास घेतला आणि चहा पिऊन उठले. न चाखता नाव ठेवू नये, हे तूच चुलीपाशी शिकवलंस. आणि माझं पत्र वाचून तू निहारदादाला म्हणालीस, “जिथे धड मासा नाही, तिथे सहा महिने कशाला जाऊ?” तेव्हापासून मला चैन नाही.

आज मुद्दाम परत गेले. खाणावळीच्या मालकीण लिनबाई चीनमधल्या फुजियानच्या, म्हणजे समुद्रकाठच्याच. त्यांच्या तिसऱ्यांच्या नूडल्स मी वाडगा तोंडाला लावून संपवल्या. कालवं घातलेलं अंड्याचं पोळं कडेला इतकं कुरकुरीत, की दुसरं मागवलं. मी मासा निरखतेय म्हटल्यावर बाईंनी स्वतःच कल्ला उचलून लालभडक रंग दाखवला. तू बाजारात बघतेस ना, अगदी तसाच!

तू मासा कसा पारखतेस ते मी सांगितलं, तशी त्यांनी विचारलं, “तुझी आई घासाघीस करते?”

“फार!”

“मग तिला सकाळी आण. तेव्हा मला भांडायला वेळ असतो.”

खोकला कसा आहे? गोळ्या चुकवत नाहीस ना? मी मजेत आहे. एकटीसाठी स्वयंपाक करायचा कंटाळा येतो, एवढंच.

व्हिसा आलेलाच आहे. दादाकडून फक्त ‘हो’ कळव. बुधवारी, २ जुलैला, मी तुझं तिकीट काढणार आहे.

तुझी,
यामिनी